पहिल्यांदाच ग्रामपंचायत मेंबर झालोय, सुरुवात कुठून करू?

वॉर्ड३चा_मेंबर: निवडून आलो पण सरपंच दुसऱ्या पॅनलचा, मासिक मीटिंगला नुसता चहा पिऊन सही करून येतो. वस्तीवर लाईट नाय, गटार तुंबलंय, लोक रोज दारात. काय करू?

माजी_उपसरपंच: भाऊ आधी प्रोसिडिंग (मीटिंगचं इतिवृत्त) वाचल्याशिवाय सही करायची नाही. वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून पंचायतीला येणारा काही पैसा बंधित असतो, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच (१५व्या आयोगात, २०२१-२६ ला, तो ६० टक्के होता), त्यामुळे गटार त्यात बसतं, लाईट अबंधित, म्हणजे गावाच्या इतर गरजांच्या पैशातून मागा. पण काम गावाच्या वार्षिक विकास आराखड्यात नसेल तर वर्षभर बोंबलत बसाल, म्हणून ग्रामसभेत ठराव घ्याच.

बांधावरचा: ई-ग्रामस्वराज ॲपवर गावाचा खर्च दिसतो, बघा एकदा, झोप उडेल 😄

ताई_मेंबर: आणि घराची पायरी सरकारी जागेत नाही ना ते तपासा, अतिक्रमणावरून मेंबरकी जाते, विरोधक पहिलं तेच शोधतात. मी बाई म्हणून सुरुवातीला मिस्टरांनाच फोन यायचे सगळ्यांचे, मग स्वतःच सगळीकडे जायला लागले.

वॉर्ड३चा_मेंबर: पायरी उद्याच मोजतो 🙏