मदत हवी आहे : चार वर्षांच्या मुलीच्या हृदयाला छिद्र आहे

आमच्या वस्तीवरच्या ऊसतोड जोडप्याची मुलगी आहे. अंगणवाडीत आरबीएसकेचं (सरकारी बाल आरोग्य तपासणीचं) पथक आलं होतं, त्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि लगेच टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगितलं. रिपोर्टमध्ये व्हीएसडी, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, निघाला. वजन जेमतेम दहा किलो. अंगणातून दारापर्यंत चालली तरी मध्ये उकिडवी बसते, कपाळ घामानं ओलं होतं. तिच्या आईला वाटायचं, पोर आळशी आहे. आता ती माउली सारखी रडते.

एका खासगी दवाखान्यात सांगितलेला खर्च यांच्या दोन हंगामांच्या उचलीपेक्षा (ऊसतोडीसाठी मिळणाऱ्या आगाऊ रकमेपेक्षा) जास्त आहे. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया पूर्ण मोफत होते, हे माहीत आहे. तिथे कुणी मूल नेलंय का? नंबर किती दिवसांनी लागला? सोबतच्यांची राहायची सोय कशी केलीत?

दुसरं, सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून करायचं तर केशरी रेशनकार्ड आहे, पण मुलीचं नाव अजून चढवलेलं नाही. जन्मदाखल्यावर भागतं का?

दिवाळीनंतर हे लोक कारखान्यावर जातील, मग पाच महिने गाठ पडत नाही. अनुभव असेल त्यांनी कृपया लवकर सांगा.