पाव, पिंप, पगार : पोर्तुगीज शिकताना मराठीतले जुने शब्द किती कामाचे?

विचारणा

माझी भाची पुढच्या वर्षी संशोधनासाठी पोर्तुगालमधल्या पोर्तू शहरात जाणार आहे, म्हणून तिने पोर्तुगीज शिकायला घेतली आहे. घरात आम्ही सगळ्यांनी मिळून मराठीत आलेल्या पोर्तुगीज शब्दांची यादी केली : चावी, पाव, बटाटा, कोबी, काजू, अननस, पेरू, साबण, मेज, पगार, लिलाव, तुरुंग, बंब, पिंप, घमेलं, मारतोल, मिस्त्री, नाताळ. यादी वाढत गेली तशी तिची हिंमतही वाढली. पण पहिल्याच आठवड्यात तिची तक्रार आली, की हे शब्द धड्यात दिसतात तसे ऐकू येत नाहीत आणि काहींचे अर्थ भलतेच निघतात. तर या शब्दांचा शिकणाऱ्याला खरोखर उपयोग आहे का? दुसरं, तिला 'असणे' या एका क्रियापदासाठी दोन पोर्तुगीज क्रियापदं शिकवली आहेत, 'सेर' आणि 'इश्तार'. मराठी माणसाने ती कशी लक्षात ठेवावी?

प्रतिसाद : पणजीहून, पोर्तुगीज शिकवणारी

उपयोग आहे, पण तुम्ही शोधता आहात तिथे नाही. अर्थासाठी या शब्दांवर भरवसा ठेवू नये. कानासाठी मात्र ठेवावा, कारण ते जुने आहेत. पोर्तुगीज गोव्यात १५१० साली आले, वसई १५३४ साली त्यांच्या ताब्यात गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती घेतली. उत्तर कोकणातल्या लोकांचा पोर्तुगीजांशी संपर्क मुख्यतः या दोनशे वर्षांतला. त्या काळचे उच्चार आपल्या तोंडात राहिले आणि लिस्बनचे पुढे बदलले.

'चावी' घ्या. सोळाव्या शतकात त्या शब्दाच्या सुरुवातीला स्पष्ट 'च' होता. पुढे लिस्बनकडे त्या 'च'चा 'श' झाला, म्हणून आज तिथे 'शाव' ऐकू येतं. चहालाही 'शा' म्हणतात. उत्तरेच्या डोंगराळ भागात, त्राझ उश मोंतिश प्रांतात, जुन्या लोकांच्या बोलण्यात तो 'च' अजून आहे. तुमची भाची पोर्तूला जाणार, तर आणखी एक गोष्ट : उत्तरेकडे 'व'च्या जागी 'ब' म्हणण्याची सवय आहे. वाइनला पुस्तकात 'विन्यु' असेल, बाजारात 'बिन्यु' ऐकू येईल. तिने गोंधळून जाऊ नये. ती बोली आहे, चूक नव्हे.

आता 'पाव'. यावर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घालवते. मूळ शब्दाच्या शेवटी अनुनासिक स्वर आहे, 'पाँव' असा काहीसा. मराठीने तो नाकातला स्वर सोडून दिला. 'लिलाव'चंही तसंच, मूळ 'लैलाँव'. म्हणजे पोर्तुगीजमधलं शेवटचं 'आँव' मराठीत 'आव' होऊन आलं. आपण सरळ 'पाव' म्हटलं, की पोर्तुगीज माणसाला 'पाउ' ऐकू येतं. 'पाउ' म्हणजे काठी, लाकूड, आणि त्याला एक ग्राम्य अर्थही आहे. बेकरीत उभं राहून तो शब्द निघू नये म्हणून आधीच घोटून घ्यावा. मराठी माणसाला हे अवघड जायचं कारण नाही. कोकणातली जुनी माणसं 'गांव', 'नांव' म्हणताना नाकातून स्वर काढतात, आणि आपल्या जुन्या छपाईत तो अनुस्वार लिहिलेलाही असे. घरात अशी आजी असेल तर तिच्याकडून 'गांव' म्हणवून घ्या आणि त्याच सुरात 'पांव' म्हणा. कोकणी बोलणाऱ्या मुलांना हे लगेच जमतं.

'बटाटा' हा शब्द दोन गोष्टी शिकवतो. एक, पोर्तुगीजमध्ये 'ट' नाही. मूळ शब्द 'बताता', आपल्या दंत्य 'त'चा. इंग्रजीच्या सवयीने मुलं सगळीकडे 'ट' आणि 'ड' घालतात आणि बोलणं लगेच परकं वाटतं. तिने निश्चिंतपणे 'त' आणि 'द' म्हणावं. दोन, आघात (म्हणजे उच्चारताना दिलेला जोर) नसलेले स्वर पोर्तुगालमध्ये आखडतात. लिस्बनचा माणूस बटाट्याचा पहिला आणि शेवटचा स्वर आपल्या 'अ'इतकाच म्हणतो, फक्त मधला 'ता' लांब. 'अ' आणि 'आ' यांतला हा फरक आपल्या भाषेत जन्मापासून आहे, तेव्हा कानाला फक्त कुठे कोणता ते सांगायचं. शेवटचा 'ओ' तर 'उ' होतो : मारतोल म्हणजे 'मर्तेलु'. ब्राझीलमध्ये आघाताआधीचे स्वर बरेच मोकळे राहतात. म्हणूनच ब्राझीलच्या मालिका पाहून शिकलेल्यांना पोर्तुगालमध्ये उतरल्यावर सुरुवातीला काहीच कळत नाही. पोर्तूला जायचं असेल तर ऐकण्याचा सराव पोर्तुगालच्याच आकाशवाणीवर करावा.

'सेर' आणि 'इश्तार'बद्दल संध्याकाळी सविस्तर लिहिते.

प्रतिसाद

यादीतून 'साबण' आणि 'मेज' काढावेत असं मला वाटतं. साबणासाठी अरबी 'साबून' आणि मेजासाठी फारसी 'मेझ' आपल्याकडे आधीपासून वावरत होते. पोर्तुगीज 'सबाँव' आणि 'मेझा' नंतर त्यांना येऊन मिळाले असतील, पण सगळं श्रेय त्यांना देणं बरोबर नाही. आणि 'पाव', 'लिलाव'चा नियम खरा मानला तर 'सबाँव'चं मराठीत 'सबाव' व्हायला हवं होतं, 'साबण' नव्हे.

उलट दोन शब्द घाला : 'इंग्रज' आणि 'वलंदेज'. शिवकालीन पत्रांत भेटणारे हे वलंदेज म्हणजे डच. पोर्तुगीजमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' मुका असतो, त्यामुळे 'ओलांदेश' असा उच्चार होतो आणि मराठीत त्याचं 'वलंदेज' झालं. आज लिस्बनला शेवटी 'श' ऐकू येतो, पण अनेकवचन केलं की तोच वर्ण 'झ' होतो. आपला 'ज' त्याच्याच जवळचा.

प्रतिसाद : बांधकामातला माणूस, सध्या लिस्बनजवळ कामाला

अर्थांचं मी सांगतो, कारण साइटवर रोज याच शब्दांशी गाठ पडते.

'पगार' हा इथे क्रियापद आहे, पैसे देणे. आपल्याकडे पगार मिळतो, इथे 'पगार' आपण करायचा. दुकानात गेल्यावर 'व्होउ पगार' म्हणजे मी पैसे देतो. महिन्याच्या पगाराला 'सलारियु' किंवा 'ऑर्देनादु' म्हणतात. 'मेश्त्र' म्हणजे गुरू, उस्ताद. एम.ए.च्या पदवीलाही त्याच शब्दावरून नाव आहे. पण साइटवर 'मेश्त्र द ओब्रश' म्हटलं की तो आपला मिस्त्रीच. 'मर्तेलु' अगदी आपला मारतोल. 'गमेला' मात्र मुळात लाकडाची कोरलेली परात, आपल्या लोखंडी घमेल्याला इथे वेगळा शब्द आहे.

'बोंबा' म्हणजे पंप. पेट्रोल पंपालाही 'बोंबा'. आग विझवणारे ते 'बोंबैरुश'. आपल्याकडे आगीचा बंब म्हणतात तो अर्थ इथे जिवंत आहे, पण न्हाणीघरातला पाणी तापवायचा तांब्याचा बंब कोणाला कळणार नाही, त्यासाठी 'इश्केंतादोर' म्हणावं लागतं.

'पिपा' म्हणजे पिंपच, आणि भाची पोर्तूला जाते आहे म्हणून मुद्दाम सांगतो. दोरू नदीच्या खोऱ्यातल्या पोर्ट वाइनच्या व्यापारात 'पिपा' हे मापही आहे, ५५० लिटरचं. नदीकाठच्या तळघरांतून तिला हा शब्द सारखा ऐकायला मिळेल. ब्राझीलच्या सहकाऱ्याने 'पिपा' म्हटलं तर त्याच्या डोक्यात पतंग असतो. पोर्तुगालमध्ये पतंगाला 'पपगायु' म्हणतात, म्हणजे पोपट.

खाण्याच्या बाबतीत दोन ठिकाणी फसगत होते. 'पेरू' म्हटलं की इथे टर्की पक्षी समजतात. आपल्या फळाचं नाव 'पेरा'वरून, म्हणजे नासपतीवरून आलं असं मानतात. पेरूच्या फळाला पोर्तुगीजमध्ये 'गोयाबा' म्हणतात. आणि 'कोव्ह' म्हणजे गड्डा कोबी नव्हे, मोकळ्या पानांची भाजी. पोर्तूकडचं हिरवं सूप, 'काल्दु व्हेर्द', त्याच पानांचं करतात. गड्ड्याच्या कोबीला 'र्‍रेपोल्यु' म्हणावं. काजू मागताना ब्राझीलमध्ये 'काजु' म्हटलं तर फळ किंवा त्याचा रस येतो, बी हवी असेल तर 'कश्तान्या'. हा शब्द तर पोर्तुगीजांचाही नाही, त्यांनी तो ब्राझीलच्या तुपी लोकांकडून घेतला.

प्रतिसाद

'तुरुंग' राहिला. मूळ शब्द 'त्रोंकु', म्हणजे झाडाचं खोड. पाय अडकवायला भोकं पाडलेल्या लाकडी ओंडक्यालाही तेच नाव पडलं आणि पुढे कैदखान्यालाही. मराठीत 'खोड' आणि कैद्याच्या पायात घालायचा 'खोडा' हे अगदी याच वाटेने गेलेले शब्द आहेत, आणि 'खोडा घालणे' आपण अजूनही म्हणतो. आज पोर्तुगालमध्ये कैदखान्याला 'प्रिझाँव' किंवा 'कदैया' म्हणतात, 'त्रोंकु' म्हटलं तर झाडच.

ज्यांना असे शब्द खोलात पाहायचे असतील त्यांनी मोन्सेन्योर दालगादु यांचा कोश पाहावा. गोव्यातल्या आसगावचे हे धर्मगुरू. आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा त्यांचा कोश १९१३ साली निघाला. मराठी, कोकणी, गुजराती, बंगाली असं सगळं एकाच नोंदीत शेजारी शेजारी सापडतं. इतकं मोठं काम कोकणातल्या माणसाने केलं, त्याचा मला अभिमान वाटतो.

आणि रायगड जिल्ह्यातलं कोर्लई विसरू नका. चौल १७४० साली मराठ्यांकडे आलं, तरी रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या या गावातली ख्रिस्ती कुटुंबं पोर्तुगीजपासून बनलेली स्वतःची बोली आजही बोलतात. तिला ते 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. शब्द पोर्तुगीज वळणाचे, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी. शिकणाऱ्याने ती जरूर ऐकावी, मात्र तिच्यावरून लिस्बनची वाक्यरचना ठरवू नये.

प्रतिसाद : पणजीहून, पुन्हा

'सेर' आणि 'इश्तार'. पुस्तकं सांगतात, कायमचं ते 'सेर' आणि तात्पुरतं ते 'इश्तार'. मला हे पुरेसं वाटत नाही. 'तो मेला आहे' याला 'इश्तार' लागतं, आणि मृत्यूहून कायमचं काय असणार? मराठीचा आधार घ्या. आपण 'बर्फ थंड असतो' आणि 'पाणी थंड आहे' यांत फरक करतो. पहिलं वाक्य वस्तूचा स्वभाव सांगतं, तिथे 'सेर'. दुसरं आत्ताची स्थिती सांगतं, तिथे 'इश्तार'. ओळख सांगताना मात्र मराठीत 'असतो' चालत नाही : 'मी शिक्षिका आहे', 'मी मराठी आहे'. तिथे पोर्तुगीजमध्ये 'सेर'च. 'ती कोण' याचं उत्तर 'सेर', 'ती कशी आहे आज' याचं उत्तर 'इश्तार', असं मी सांगते. 'मेला आहे' हीसुद्धा एखाद्या घटनेनंतर उरलेली स्थितीच.

मराठी मुलींना आणखी एक गोष्ट सोपी जाते. आभार मानताना पुरुष 'ओब्रिगादु' म्हणतो, बाई 'ओब्रिगादा'. ज्याचे आभार मानायचे त्याचं लिंग पाहायचं नसतं, बोलणाऱ्याचं पाहायचं. इंग्रजीतून शिकणारे इथे अडखळतात. 'मी जातो' आणि 'मी जाते' म्हणणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. 'मला कॉफी प्यावीशी वाटते' यालाही पोर्तुगालमध्ये आपल्यासारखीच रचना आहे, 'अपतेस-म उँ काफे'. वाटणारी कॉफी, आणि माणूस 'मला'च्या जागी.

शेवटी मानाचं संबोधन. शब्दकोशात 'वोसे' या शब्दापुढे 'तुम्ही' दिलेलं असतं. ब्राझीलमध्ये 'वोसे' रोजचा आहे, पण पोर्तुगालमध्ये वयाने मोठ्या माणसाला तोंडावर 'वोसे' म्हटलेलं अनेकांना खटकतं. तिथे 'उ सेन्योर', 'आ सेन्योरा' म्हणून तृतीयपुरुषी क्रियापद वापरतात : 'उ सेन्योर केर काफे?' आपण हॉटेलात 'साहेब कॉफी घेणार?' म्हणतो, तसंच हे वाक्य आहे. भाचीने तिच्या मार्गदर्शक प्राध्यापकांशी असंच बोलावं, आणि त्यांनी स्वतःहून 'तु' म्हणायला सांगेपर्यंत 'तु' वापरू नये. समवयस्क विद्यार्थी पहिल्या दिवसापासून 'तु' म्हणतील, त्यांना तिनेही खुशाल 'तु' म्हणावं.