मदत हवी आहे: कॅज्युअल्टीतली संध्याकाळची गर्दी कशी मोजावी?

उपजिल्हा रुग्णालयात संध्याकाळी ७ ते ११ कॅज्युअल्टी ताप, खोकला, जुलाबाच्या पेशंटनी भरते. ओपीडी बंद, मग दुसरं जाणार कुठे? संध्याकाळची ओपीडी मागायची तर आकडे हवेत. रजिस्टरला नाव, वय, वेळ, निदान एवढेच रकाने आहेत. 'इमर्जन्सी नसलेले' किती, हे निदानावरून काढता येईल का?

प्रतिसाद १
निदानावरून मुळीच काढू नका. छातीत जळजळतंय म्हणून आलेल्याच्या केसपेपरवर शेवटी 'अ‍ॅसिडिटी' लिहिलं जातं, पण ते ईसीजी काढल्यावर कळलेलं असतं. तो दहा मिनिटांत काढायचाच असतो. त्या माणसाचं येणं बरोबरच होतं. म्हणून आल्या आल्या तक्रार, ट्रायेजचा रंग (किती गंभीर आहे ते दाखवणारा), नाडी, बीपी, ऑक्सिजन, पेशंट शुद्धीवर आहे का आणि श्वासाचा वेग लिहा. श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा. पानभर सगळ्यांचा २० दिसला की समजा, कुणी मोजलेलाच नाही.

वेळ दारातली धरा, केसपेपरची नको. खिडकीवर रांग असली की तिथला खोळंबा नोंदीतून गायब होतो. १०८ने आला, रेफर होऊन आला की स्वतःच्या गाडीने, हेही लिहा.

प्रतिसाद २
आणखी दोन रकाने आखा: भरती ठरल्याची वेळ आणि वॉर्डात हलवल्याची वेळ. माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचे. घसा दुखणारा औषध घेऊन घरी जातो, त्याला ट्रॉली लागत नाही. वॉर्डात खाट नाही म्हणून अडकलेला पेशंट मात्र ट्रॉली, ऑक्सिजन पॉइंट आणि सिस्टर तिन्ही अडवून ठेवतो. ते अंतर मोठं निघालं, तर संध्याकाळच्या ओपीडीने रांग कमी होईल, ट्रॉली मोकळी होणार नाही. त्यासाठी वॉर्डातले डिस्चार्ज दुपारच्या आत व्हायला हवेत.

सरासरी काढू नका, मध्यक काढा, म्हणजे सगळ्या वेळा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी. नऊ तास अडकलेला एकच पेशंट सरासरी बिघडवतो.

मूळ प्रश्नकर्ती
धन्यवाद, दोघांचेही. तुलना कुठल्या वर्षाशी करू?

प्रतिसाद १
२०२० सोडून. तेव्हा लोक दवाखान्यात यायलाच घाबरत होते. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२०ला इमर्जन्सीत आलेले लोक आदल्या एप्रिलपेक्षा ५७ टक्क्यांनी कमी होते. तो पाया धरला तर पुढची प्रत्येक वाढ फुगलेली दिसेल. जुलैची तुलना जुलैशी, सोमवारची सोमवारशी. गणपती आणि दिवाळीचे आठवडे मात्र तारखेने नाही, तिथीने जुळवा.