बॉक्सिंग म्हणे मार्शल आर्ट नाही!

ढिला_गार्ड:
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका कराटे क्लासच्या सरांनी काल मेसेज टाकलाय. आशय असा की बॉक्सिंग हा नुसता खेळ आहे, त्यात ना लाथ ना पकड, ना गुरु-शिष्य परंपरा, दोन माणसं एकमेकांचं तोंड फोडतात, तेव्हा मुलांना "खऱ्या" मार्शल आर्टला घाला. खाली क्यूआर कोड. त्यावर धडाधड अंगठे आले आणि माझं डोकं सटकलं. तिथे लिहिलं तर बायको ओरडेल, म्हणून इथे लिहितोय.

मी सात वर्षं बॉक्सिंग केलंय, पत्र्याच्या शेडमध्ये. आमचे सर फौजेतून रिटायर झालेले. पहिले दोन महिने त्यांनी हात उचलूच दिला नाही. जमिनीवर खडूने चौकोन काढलेला, त्यात नुसतं पुढे-मागे, डावा पाय, उजवा पाय, आणि पायात पाय अडकला की पोटरीवर दोरीउडीची दोरी सप्पकन. मग जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, तोही एकच, तीन महिने. ही परंपरा नाही तर काय आहे? फक्त आम्ही वाकताना जपानी बोलत नाही एवढंच. आणि जुनं-नवंच काढायचं तर ग्लोव्हज, तीन मिनिटांचा राउंड, पडलेल्यासाठी दहा आकडे मोजणं, हे बॉक्सिंगचे क्वीन्सबेरी नियम १८६७ चे. जपानच्या जिगोरो कानोंनी ज्युदो काढला १८८२ ला. तरी ज्युदो प्राचीन आणि आमचा आपला खेळ!

शोतोकान_जुना:
सरांची भाषा चुकली असेल, मुद्दा चुकलेला नाही. नियम किती जुने हा प्रश्नच नाहीये, शिकवता कशासाठी हा आहे. कमरेखाली मारायचं नाही, मानेमागे मारायचं नाही, समोरचा पडला की थांबायचं. रस्त्यावर दहा आकडे कोण मोजणार, रिक्षावाला? १९९३ ला पहिल्या यूएफसीत, म्हणजे सगळ्या लढाऊ प्रकारांच्या मिश्र स्पर्धेत, बॉक्सर आर्ट जिमरसन एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला, रॉयस ग्रेसीने आडवा केला, गड्याने टॅप करून हार मानली. बरं तो लहान माणूस म्हणा, पण जेम्स टोनी? बॉक्सिंगचा वर्ल्ड चॅम्पियन. २०१० ला यूएफसीतच रँडी कूटूरने पहिल्याच राउंडला गळा धरून संपवला.

ढिला_गार्ड:
ग्रेसी जिउजित्सूवाला, म्हणजे जमिनीवरच्या पकडींचा, कूटूर कुस्तीवाला. यात तुमचं कराटे कुठेय? शेजाऱ्याच्या जिवावर मिशीला ताव देणं बंद करा. तुमच्या कुमितेत, म्हणजे कराटेच्या लढतीत, तोंडावर जोरात लागलं तर मारणाऱ्यालाच पेनल्टी, आणि रस्त्याच्या गोष्टी आम्हाला सांगता!

शब्दखवीस:
मराठीत याला मुष्टियुद्ध म्हणतात. नावातच युद्ध आहे. कंसाच्या आखाड्यात बलरामाने ज्याला लोळवला त्याचं नावच मुष्टिक. म्हैसूरला दसऱ्याला वज्रमुष्टीची कुस्ती अजून होते, मुठीत काटेरी हत्यार धरून, डोकं भादरून. मिटला वाद.

शोतोकान_जुना:
मग शीतयुद्ध पण मार्शल आर्ट धरू. वाक्‌युद्धात तर आमची आजी दहाव्या डानची, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची, ब्लॅक बेल्ट होती.

आईची_धावपळ:
मधे बोलते, सॉरी. माझी मुलगी नऊ वर्षांची, दीड वर्ष कराटेला जातेय, आता ब्राउन बेल्ट, ब्लॅकच्या आधीचा. दर तीन महिन्यांनी परीक्षा, प्रत्येक वेळी १५०० रुपये, सर्टिफिकेटचे वेगळे, आणि बेल्टचे परत वेगळे! एवढ्यात खरंच ब्राउन होतं का? क्लासमध्ये नापास झालेलं एकही मूल मी बघितलेलं नाही.

ढिला_गार्ड:
ताई, तो बेल्ट नाही, ईएमआय आहे.

शोतोकान_जुना:
हे बघा, इथे माझं टाळकं फिरतं. मला ब्लॅक बेल्टला नऊ वर्षं लागली, दोनदा नापास झालो, दुसऱ्यांदा तर एका काताच्या, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या क्रमाच्या, एका वळणावर, टाच उचलली गेली म्हणून. आणि ही मंडळी लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर परीक्षा घेऊन बेल्ट कुरियरने पाठवत होती. यांच्यामुळे आम्ही कराटे म्हटलं की लोक हसतात. पण चार दुकानदारांवरून आख्ख्या कलेला ईएमआय म्हणायचं काम नाही, तुमच्या "फिटनेस बॉक्सिंग"मध्ये गुलाबी ग्लोव्हज घालून गाण्यावर नाचतात ते काय असतं मग?

ढिला_गार्ड:
त्याला मी पण बॉक्सिंग म्हणत नाही. पण बेल्ट मुळात कराटेचा तरी आहे का, ज्युदोकडून उचललाय. ड्रेससकट.

शोतोकान_जुना:
उचलला. मग? चांगलं ते घ्यावं. थायलंडवाल्यांनी त्यांच्या लाथा-ठोशांच्या मुआय थायसाठी तुमचे ग्लोव्हज आणि रिंग घेतलीच ना.

आईची_धावपळ:
अहो पण मी रविवारचे १५०० भरू की नको? तिच्या वर्गातल्या मुलीच्या आईने सांगितलं दहावीला ग्रेस मार्क मिळतात म्हणून भरतोय सगळे.

शब्दखवीस:
नुसत्या बेल्टवर काही नाही मिळत, मान्यता असलेल्या स्पर्धेत खेळावं लागतं. क्लासवाले हे सांगत नाहीत.

लाल_माती:
कधीपासून वाचतोय. जपान झालं, इंग्लंड झालं, थायलंड झालं, तालमीचं नाव एकानं काढलं नाही. खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीहून पदक घेऊन आले, ते काय बेल्टाची परीक्षा देऊन? आमच्या गावच्या तालमीत मातीत तेल, ताक, हळद घालायचे, वस्ताद फी घेत नव्हते, दूध पाजायचे वर. आता तिथं सिमेंटच्या गोण्या आहेत. आणि तुम्ही इथं १५०० वर धागा चालवताय.

शोतोकान_जुना:
पैलवान, कुस्तीला कोण नाही म्हणतंय? वाद बॉक्सिंगचा आहे. ढिला_गार्ड, सरळ सांगा, सात वर्षांत रस्त्यावर वापरलंत का एकदा तरी?

ढिला_गार्ड:
वापरलंय. बसस्टॉपवर एकाने माझ्या मित्राचा मोबाईल हिसकला. जॅब गेला तो हुकला, मग क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, घातला, तो त्याच्या कपाळावर बसला. ग्लोव्ह नाही, पट्टी नाही. तो मोबाईल घेऊन पळाला आणि माझ्या करंगळीमागचं हाड मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, याला बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात. मी म्हटलं मी बॉक्सरच आहे. तर हसले आणि म्हणाले, खऱ्या बॉक्सरना हे सहसा होत नाही. घ्या, हसून घ्या.

शोतोकान_जुना:
हसलो, भरपूर. आता माझं ऐका, आणि हे सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. ब्लॅक बेल्ट मिळाल्या वर्षी कॉलेजच्या जिममध्ये एका बॉक्सिंगच्या पोराशी स्पारिंग केलं. माझ्यापेक्षा बुटका, किडकिडीत. मी मावाशी गेरी, म्हणजे बाजूने फिरवून लाथ, मारायला जागा शोधतोय आणि तो प्रत्येक वेळी अर्धं पाऊल आत. पाय उचलला की नाकावर टक. परत उचलला, परत टक. एक राउंड पुरला. लाथांची परवानगी असून मला एक धड लाथ मारता आली नाही. तेव्हा हो, त्या पोराला जे येत होतं त्याला कला म्हणायला माझी हरकत नाही. मार्शल, म्हणजे लढाईची, म्हणायला आहे.

ढिला_गार्ड:
अर्धं मिळालं. बाकीचं पुढच्या धाग्यात घेतो.

लाल_माती:
पाय उचलला तेव्हाच उरलेला पाय ओढायचा ना त्यानं. खेळ खल्लास. पण तुम्ही चालू द्या.

आईची_धावपळ:
मला कोणी उत्तर देणार आहे का?

शोतोकान_जुना:
ताई, भरू नका. सरांना म्हणा, हिला मागच्या बेल्टचा काता दोन्ही बाजूंनी करून दाखवायला लावा, चुकली तर थांबवा. चिडले तर क्लास बदला. जवळचा चांगला क्लास मी सुचवतो, निरोप टाका.

ढिला_गार्ड:
किंवा रविवारी सकाळी सहाला आमच्या शेडमध्ये आणा. आता मीच शिकवतो लहान मुलांना. पैसे नाहीत, माउथगार्ड तेवढा स्वतःचा.

आईची_धावपळ:
तुमच्यात बेल्ट असतो का?

ढिला_गार्ड:
चड्डी सैल असेल तर नाडी देतो.