उत्तर: लॉर्ड हाय कमिशनरचे अधिकार

लॉर्ड हाय कमिशनर म्हणजे स्कॉटलंडच्या प्रोटेस्टंट चर्चच्या वार्षिक सभेतला ब्रिटिश राजाचा प्रतिनिधी. 'राजाचा प्रतिनिधी चर्चच्या सभेचं अध्यक्षपद भूषवतो' असं त्याच्याबद्दल इथे कुणी म्हटलंय, ते इंग्लंडच्या चर्चवरून लावलेलं अनुमान दिसतंय. स्कॉटलंडमध्ये राजा चर्चचा प्रमुखच नाही. एडिंबरात ही सभा, म्हणजे जनरल असेंब्ली, भरते तिचा अध्यक्ष म्हणजे मॉडरेटर, आणि त्याला असेंब्लीच निवडते. लॉर्ड हाय कमिशनर वरच्या सज्जात, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या सभागृहाबाहेर बसतो. भाषण करतो, पण चर्चेत आणि मतदानात त्याला स्थान नाही. थाट मात्र राजाचाच: मुक्काम होलीरूड राजवाड्यात, संबोधन 'युअर ग्रेस'.

एक गोष्ट इथे कुणी काढली नाही. १८२९ च्या ब्रिटिश कायद्याने कॅथलिकांना बहुतेक सरकारी पदं खुली केली, पण वगळलेल्या मोजक्या पदांत लॉर्ड हाय कमिशनरचं पद होतं. नुसत्या मानाच्या पदासाठी ही बंदी जवळजवळ दोनशे वर्षं टिकली! २०२५ साली स्कॉटिश कायदेतज्ज्ञ एलिश अँजिओलिनी यांची नेमणूक करायची तर त्या कॅथलिक, म्हणून ब्रिटिश संसदेला खास छोटा कायदा करावा लागला. त्या वर्षीच्या असेंब्लीत त्याच सज्जात बसल्या.