टावी करताना हृदयाच्या धमनीचे तोंड झाकले गेले तर?

प्रश्न (कराड):
आईचे वय ७९ असून तिच्या महाधमनीच्या झडपेवर कॅल्शियम साचले आहे. पुण्यातील डॉक्टरांनी जांघेतून नळी घालून नवी झडप बसवण्याचा, म्हणजे ‘टावी’चा, सल्ला दिला आहे. सी. टी. अहवालात डाव्या हृदयधमनीचे तोंड झडपेच्या कड्यापासून ९ मिमी उंचीवर असल्याचे लिहिले असून, त्या ओळीखाली डॉक्टरांनी लाल पेनाने दोन रेघा ओढल्या. ‘धोका क्वचित, पण गंभीर’ एवढेच ते म्हणाले. बाहेर रांग होती, मलाही पुढचे विचारायचे सुचले नाही. हा धोका नेमका कोणता, आणि तो ओढवलाच तर काय करतात?

उत्तर १ (मिरज, हृदयरोगतज्ज्ञ):
टावीमध्ये जुनी झडप काढत नाहीत. नवी झडप तिला बाजूला दाबून बसते. त्यामुळे धमनीचे तोंड १२ मिमीपेक्षा खाली असेल आणि महाधमनीच्या मुळाशी असलेला फुगवटाही ३० मिमीपेक्षा अरुंद असेल, तर जुन्या झडपेची पाकळी त्या तोंडावर झाकणासारखी बसू शकते. म्हणून केवळ ९ या आकड्याने घाबरू नका, फुगवट्याची रुंदीही अहवालात पाहा. धोका खरोखर असेल, तर झडप उघडण्यापूर्वीच त्या धमनीत तार आणि न फुगवलेला स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) ठेवतात आणि रक्तप्रवाह अडल्यास तोच स्टेंट तोंडाशी मागे ओढून फुगवतात. तार आधी ठेवली नसेल, तर नव्या झडपेच्या जाळीतून धमनीत शिरणे फार जिकिरीचे होते. ‘तार आधी ठेवणार का?’ हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

उत्तर २ (सांगली, कॅथलॅब तंत्रज्ञ):
टावी करताना रक्तदाब कोसळला, तर त्याचे कारण दर वेळी धमनीचे तोंड झाकले जाणे हेच नसते. कडक तारेचे किंवा तात्पुरत्या पेसमेकरच्या वायरीचे टोक हृदयाच्या भिंतीतून गेले, तर हृदयाभोवती रक्त साचते. ते इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीत) दिसताच सुईने काढावे लागते. उलट, हृदयाचा जाड भिंतीचा लहान कप्पा झडपेचा अडसर दूर होताच आतल्या आत आवळला जात असेल, तर हृदयाचा जोर वाढवणारे औषध घातक ठरते. तेथे सलाईन आणि ठोके मंद करणारे औषध लागते. म्हणूनच आमच्याकडे इकोचे यंत्र टेबलाशेजारीच सुरू ठेवलेले असते.

उत्तर ३ (सातारा):
माझ्या वडिलांच्या ईसीजीत आधीपासूनच उजव्या बंडलचा ब्लॉक (आरबीबीबी), म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूला ठोक्याचा विद्युतसंदेश नेणाऱ्या तंतूंत अडथळा, होता. झडप उत्तम बसली, परंतु घरी आल्यावर पाचव्या दिवशी त्यांना देवघरात भोवळ आली आणि कायमचा पेसमेकर बसवावा लागला. जुना ईसीजी सोबत न्यावा.

प्रश्नकर्ता:
आत्ताच फाईल काढून पाहिली. आईच्या मागील वर्षीच्या ईसीजीवरही ‘आरबीबीबी’ असे छापलेले आहे. सोमवारी दोन्ही कागद घेऊन जातो.