चर्चा: विश्वाला हेतू आहे की आपण निव्वळ योगायोग?

निवृत्त_मास्तर:
ताऱ्याच्या पोटात हेलियमची तीन केंद्रकं जुळून कार्बन होतो. १९५३ साली ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल म्हणाले, कार्बनच्या केंद्रकाला साधारण ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टवर (हे ऊर्जेचं एकक) एक ऊर्जापातळी, म्हणजे ऊर्जेची ठरावीक पायरी, असलीच पाहिजे, नाहीतर एवढा कार्बन तयारच होणार नाही. अमेरिकेतल्या कॅल्टेक या विद्यापीठात शोध घेतला, आणि पातळी सापडली! ती जराशी सरकलेली असती तर आपण नसतो. याला योगायोग म्हणायला माझं मन धजत नाही. यामागे हेतू आहे आणि त्यात माणसाला खास जागा आहे.

काळा_कातळ:
मास्तर, कार्बन झुरळातही आहे. त्यात माणूस मध्येच कुठून आला? ६.६ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोतल्या युकातानला लघुग्रह आदळला, डायनोसॉर गेले (पक्षी तेवढे उरले) आणि सस्तन प्राण्यांना रान मोकळं मिळालं. त्याच सुमारास आपल्या दख्खनमध्ये लाव्हा वाहत होता. आपला सह्याद्री त्याचाच. विनाशात त्याचा वाटा किती, यावर भूशास्त्रज्ञ अजून भांडतायत. तो धोंडा चुकला असता तर हा धागा काढायला तुम्ही असता का?

निवृत्त_मास्तर:
धोंडा धाडणाराही तोच नसेल कशावरून?

काळा_कातळ:
मग काय, पाऊस पडला तरी तुमचंच खरं, नाही पडला तरी तुमचंच!

उगाच_आपलं:
भांडा, पण ते "जराशी" तपासून घ्या. १९८९ साली काही खगोलशास्त्रज्ञांनी ती पातळी गणितात सरकवून पाहिली. ६० हजार इलेक्ट्रॉन व्होल्टने वर नेली तरी कार्बनच्या निर्मितीत फारसा फरक पडला नाही. आणखी बरीच वर नेल्यावर मात्र कार्बन खरोखर आटला. शिवाय १९५३ साली हॉइलसमोर प्रश्न मूलद्रव्यं ताऱ्यांत कशी घडतात एवढाच होता. जीवसृष्टीशी त्याची सांगड नंतर घातली गेली.

निवृत्त_मास्तर:
नंतर घातली, पण खुद्द हॉइलनीच त्यात पुढाकार घेतला ना? पुढे त्यांनीच लिहिलं की भौतिकशास्त्राच्या नियमांत एखाद्या महाबुद्धीने ढवळाढवळ केल्यासारखं दिसतं. आणि ते काही देवभोळे नव्हते.

काळा_कातळ:
हॉइल तर विश्वाची सुरुवात महास्फोटाने झाली हेही शेवटपर्यंत मानत नव्हते. तेही घेणार का?

निवृत्त_मास्तर:
ते राहू द्या. साठ हजारांची सूट असेल, पण पुढे कार्बन आटतोच ना? ती मर्यादा तिथेच का, ते सांगा.

काळा_कातळ:
माहीत नाही. तुम्हालाही नाही. फक्त तुम्ही त्याला हेतू म्हणता.